रिओ दोसेच्या खोऱ्यातील मुतुम

काजू आणि अननस हे दोन शब्द आपण इतके आपले मानले आहेत की, ते परके आहेत असे कोणी सांगितले तर चटकन विश्वास बसू नये. दोहोंचे मूळ ब्राझीलच्या किनाऱ्यावर वस्ती करून असलेल्या तुपी लोकांच्या भाषाकुलात आहे. पोर्तुगीज त्या किनाऱ्याला १५०० साली लागले. वसई त्यांच्या हाती १५३४ साली आली. एकाच राजाच्या अमलाखाली असलेल्या या दोन दूरच्या किनाऱ्यांवर लिस्बनच्या गलबतांनी फळे नेली-आणली, तसे शब्दही नेले-आणले. त्याच तुपी भाषेतला एक शब्द मात्र आपल्यापर्यंत पोहोचला नाही, कारण तो ज्या पक्ष्याचे नाव आहे, तो पक्षी आपले अरण्य सोडून कोठे गेला नाही. तो शब्द म्हणजे मुतुम.

मुतुमच्या अनेक जाती दक्षिण अमेरिकेत आहेत. येथे जिचा विचार करावयाचा आहे, ती जाती केवळ ब्राझीलच्या आग्नेय भागात, अटलांटिक महासागराला समांतर पसरलेल्या सखल अरण्यात राहणारी. कोंबडा आणि मोर ज्या गणात मोडतात त्याच गणातला हा पक्षी; आकाराने टर्कीएवढा, वजन साडेतीन किलोच्या आसपास. नर काळाभोर, पोटाशी पांढरा, माथ्यावर कुरळ्या पिसांचा तुरा आणि चोचीच्या मुळाशी लालभडक मांसल गाठ. मादीला ही गाठ नसते, आणि तिचे पोट तांबूस असते. दिवसभर जमिनीवर फिरून पडलेली फळे, बिया, किडे टिपावेत आणि रात्री झाडावर जावे, असा त्याचा क्रम. मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते. म्हणजे मांस भरपूर, वावर जमिनीवर आणि संतती थोडी. अशा प्राण्याच्या वाट्याला बंदुकीच्या युगात काय येणार हे सांगावयास नको. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ स्पिक्स याने १८२५ साली या जातीला शास्त्रीय नाव दिले. त्याच्याही आधी, १८१५ ते १८१७ या काळात या किनाऱ्याने प्रवास केलेल्या विड-न्यूविडच्या राजपुत्र माक्सिमिलियानच्या वृत्तांतात मुतुमचा उल्लेख येतो, तो मुख्यतः शिकार म्हणूनच.

या पक्ष्याचे एक मोठे घर म्हणजे मिनास जेराइस प्रांतातील रिओ दोसे या नदीचे खोरे. दोसे म्हणजे गोड. गोव्यात नाताळच्या फराळात हरभऱ्याच्या डाळीचे ‘दोस’ करतात, तोच हा शब्द. नदीचे नाव गोड, इतिहास मात्र कडू. खोऱ्यातील बोतोकुदो आदिवासींविरुद्ध पोर्तुगालचा राज्यकारभार पाहणारा युवराज दों जुआंव याने १३ मे १८०८ रोजी राजपत्र काढून उघड युद्ध पुकारले. नेपोलियनच्या भयाने स्वतः परागंदा होऊन ब्राझीलला आश्रयास आलेल्या राजाने काही आठवड्यांत केलेल्या कामांपैकी हे एक. त्या युद्धानेही अरण्य मात्र लगेच गेले नाही. घनदाट रान आणि हिवताप यांनी त्याचे आणखी शंभर वर्षे रक्षण केले.

अरण्य गेले ते लोहमार्गाने. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हितोरिया बंदरापासून खोऱ्यातून वर रेल्वे येऊ लागली. मिनासमध्ये लोहखनिजाचे डोंगर आहेत, परंतु ते वितळविण्यास दगडी कोळसा नाही. तेव्हा कोळसा लाकडाचा. मोंलेव्हादे येथे १९३० च्या दशकात आणि तिमोतेओ येथे १९४० च्या दशकात पोलादाचे कारखाने उभे राहिले, आणि शेकडो वर्षांची झाडे भट्ट्यांत जाऊ लागली. उरलेल्या जागी गुरांसाठी गवत आले. एके काळी साऱ्या अटलांटिक अरण्याचा विस्तार सुमारे तेरा लक्ष चौरस किलोमीटर होता. त्याचा आज उणापुरा अष्टमांश शिल्लक आहे, तोही विखुरलेल्या तुकड्यांत.

या साऱ्या तोडीच्या काळात एक मनुष्य उलट बोलत होता, आणि तो एक धर्माधिकारी होता. दों एल्व्हेसिओ गोमेस दे ऑलिव्हेइरा हे सालेशियन संघाचे धर्मगुरू १९२२ पासून १९६० पर्यंत मारियानाचे आर्चबिशप होते. रिओ दोसेचे हे रान त्यांच्या महाधर्मप्रांताच्या कक्षेत येई. सरोवरांनी भरलेला हा भाग तसाच राखावा, असा आग्रह त्यांनी १९३० च्या दशकात सरकारकडे धरला. जुलै १९४४ मध्ये तेथे सुमारे ३६ हजार हेक्टरांचे रिओ दोसे राज्य उद्यान जाहीर झाले. मिनास जेराइसचे ते पहिले राज्य उद्यान. त्यातील सर्वांत खोल सरोवराला आज दों एल्व्हेसिओ यांचेच नाव आहे. पर्यावरण हा शब्दही लोकांच्या तोंडी नव्हता त्या काळात एका आर्चबिशपने भट्टीच्या तोंडातून अरण्य काढून घेतले, याची चर्चच्या इतिहासात व्हावी तशी नोंद झालेली नाही, असे मला वाटते. मात्र सरकारी सीमा आखली म्हणून बंदूक थांबत नाही. पुढे या उद्यानातूनही मुतुम दिसेनासा झाला.

मुतुम तगला तो अन्यत्र. नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, एस्पिरितो सांतो प्रांतातील लिन्यारेस गावाजवळ, एक मोठे रान होते. १९४२ साली स्थापन झालेल्या ‘वाले दो रिओ दोसे’ या सरकारी खाण कंपनीने १९५० च्या दशकात ते विकत घेतले. हेतू काय? आपल्या रेल्वेसाठी लाकडाचे स्लीपर मिळावेत, एवढाच. परंतु झाडे तोडली गेली नाहीत. कंपनीने रान राखले, पहारा बसविला. सुमारे २२ हजार हेक्टरांचे हे रान आणि त्याला लागून असलेले सोओरेतामाचे सरकारी अभयारण्य मिळून मुतुमचा अखेरचा मोठा आश्रय ठरला. सोओरेतामा हाही तुपी शब्दच, आणि त्याचा अर्थ प्राण्यांचा देश. स्लीपरसाठी घेतलेले अरण्य पक्ष्याचे तारू व्हावे, यात कोणाची थोरवी किती आणि योगायोग किती हे ठरविणे कठीण आहे. इतिहास लिहिताना हेतू आणि परिणाम वेगवेगळ्या वह्यांत मांडावे लागतात.

आता वनकंपनीकडे येऊ. मूळ अरण्य संपत आले तेव्हा लाकूड पिकविण्याची कल्पना पुढे आली. ब्राझीलमध्ये निलगिरीची शास्त्रशुद्ध लागवड विसाव्या शतकाच्या आरंभी साओ पाउलोच्या एका रेल्वे कंपनीसाठी नाव्हारो दे आंद्रादे या वनशास्त्रज्ञाने सुरू केली होती. (ऑस्ट्रेलियाच्या या झाडाला आपण आपल्या डोंगराचे नाव देऊन टाकले, हीही एक गंमतच.) पण लागवडीला खरा जोर चढला तो १९६६ साली वनलागवडीसाठी करसवलत जाहीर झाल्यावर. त्याच्या एकच वर्ष आधी, १९६५ साली, नवा वनकायदा झाला होता. या प्रदेशात प्रत्येक जमीनमालकाने निदान पाचवा हिस्सा मूळ अरण्याखाली राखला पाहिजे, शिवाय नदीकाठ आणि उभे उतार मोकळे सोडले पाहिजेत, असे त्या कायद्याने सांगितले. एका हाताने सरकार निलगिरीला पैसा देत होते, दुसऱ्या हाताने तिला कुंपण घालत होते. पुढे जे घडले ते या दोन्ही हातांमुळे घडले.

१९७३ साली ‘वाले’ आणि जपानी कागद उद्योगाचे भागीदार यांनी मिळून सेनिब्रा ही कंपनी स्थापन केली. बेलो ओरिएंते येथे तिचा लगद्याचा कारखाना १९७७ साली सुरू झाला. (२००१ साली जपानी भागीदारांनी ‘वाले’चा हिस्सा घेतला आणि कंपनी पूर्णपणे त्यांची झाली.) सेनिब्राच्या ताब्यात सुमारे अडीच लक्ष हेक्टर जमीन आहे. त्यातील साधारण निम्मी निलगिरीखाली, आणि एक लक्षाहून अधिक हेक्टर मूळ अरण्याखाली. निलगिरी बहुधा डोंगरमाथ्यांवर आणि सौम्य उतारांवर. अरण्य घळींत, ओढ्यांच्या काठी, उभ्या चढांवर. निलगिरी साधारणपणे सातव्या वर्षी तोडतात, परंतु सगळी एकदम नाही, पट्ट्यापट्ट्यांनी. तिच्यात मुतुमला खावयास काही नसते. तरीही एका घळीतून दुसऱ्या घळीत जाताना उघड्या कुरणापेक्षा झाडांची सावली पुष्कळ बरी. वणवा लागला तर विझविणारी माणसे तेथे असतात, आणि अनोळखी बंदूकवाला दिसला तर हटकणारेही असतात. लाकडाच्या राखणीसाठी ठेवलेले पहारेकरी रानाचीही राखण करतात.

निलगिरीची ही बाजू सांगताना दुसरी झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ब्राझीलमध्ये या लागवडीला विरोधक ‘हिरवे वाळवंट’ म्हणतात, आणि ते नाव केवळ द्वेषातून आलेले नाही. शेजारच्या एस्पिरितो सांतोमध्ये अराक्रूझ या दुसऱ्या एका लगदा कंपनीच्या निलगिरीखाली तुपिनिकीम आणि ग्वारानी लोकांची जमीन गेली. तो तंटा कित्येक दशके चालला. अखेर २००७ साली सुमारे ११ हजार हेक्टर जमीन आदिवासींची म्हणून सरकारने मान्य केली. तुपिनिकीम म्हणजे तुपी वंशाचेच लोक. ज्यांच्या भाषेने मुतुमला नाव दिले, त्यांनाच आपल्या रानात परतण्यासाठी मुतुमपेक्षा अधिक खटपट करावी लागली. पक्षी परत आणणे कंपन्यांना सोपे जाते, कारण पक्षी सातबारा मागत नाही.

परत आणावयाचे तर पक्षी असावयास हवा. तो होता कोणाकडे? मिनासच्या राजधानीजवळ कोन्ताजेम येथे रोबेर्तो आझेरेदो या गृहस्थांनी मुतुम आणि त्याच्या कुळातील पक्षी जोपासण्याचे केंद्र उभारले होते. या कुळाच्या शास्त्रीय नावावरूनच संस्थेचे नाव ‘क्राक्स’. जंगलातून मुतुम नाहीसा होत असताना त्यांनी तो पिंजऱ्यात वाढविला. हे काम दिसते तितके सोपे नाही. मादी दोनच अंडी घालते, पण ती काढून घेतली तर पुन्हा घालते. तेव्हा काढलेली अंडी दुसरीकडे उबवावी लागतात. पिले माणसाला फार लळा लावून घेणार नाहीत, असे पाहावे लागते. माणसाळलेला मुतुम रानात सोडला तर पहिल्या शिकाऱ्याच्या पायाशी जाऊन उभा राहील. शिवाय कोणत्या जोडीपासून कोणते पिलू झाले याची नोंद ठेवावी लागते, नाहीतर चार पिढ्यांत सगळेच सख्खे-चुलत. अनेक वर्षे असे काम नेटाने करणारी माणसे बहुधा थोडी हट्टी असतात. त्यांच्या हट्टामुळे एक जाती सापडली, म्हणून हट्टाचे कौतुक.

१९९० साली सेनिब्रा आणि क्राक्स यांच्यात करार झाला आणि ‘मुतुम प्रकल्प’ सुरू झाला. हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रिओची जागतिक वसुंधरा परिषद भरली ती १९९२ साली. वनउत्पादनांना ‘जबाबदार’ म्हणून प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था स्थापन झाली ती १९९३ साली. तेव्हा युरोपातील कागदाच्या गिऱ्हाइकांना दाखविण्यासाठी हे सोंग काढले, हा आक्षेप निदान प्रारंभापुरता टिकत नाही. पुढे त्याचा जाहिरातीला उपयोग झाला नसेल असे मात्र मी म्हणणार नाही.

जागा निवडली ती इपाबा गावाजवळील, रिओ दोसेच्या काठची माकेदोनिया नावाची कंपनीची वाडी. (प्रेषितांची कृत्ये वाचणाऱ्यांना या नावाने पौलाचा रात्रीचा दृष्टान्त आठवेल, पलीकडच्या तीरावरचा मनुष्य उभा राहून साहाय्यास बोलावतो तो.) तेथील ५६० हेक्टर अरण्य १९९४ साली खासगी निसर्गवारसा म्हणून नोंदले गेले. ब्राझीलच्या कायद्यात ही तरतूद फार विचारपूर्वक केलेली आहे. मालक आपल्या खुशीने जमीन नोंदवितो, मालकी त्याचीच राहते, परंतु एकदा नोंदलेली जमीन कायमची राखीव होते. पुढे विकली तरी ते बंधन जमिनीबरोबर जाते. उद्या कंपनीचे संचालक बदलले, लगद्याचा भाव पडला, तरी ते ५६० हेक्टर निलगिरीखाली आणता येणार नाहीत.

कोन्ताजेमहून आणलेले पक्षी थेट सोडले नाहीत. अरण्यातच मोठे जाळीदार पिंजरे बांधले आणि त्यांत त्यांना ठेवले. तेथील पाऊस, तेथील आवाज, तेथील फळे यांची ओळख झाल्यावर दार उघडले. दार उघडल्यावरही काही काळ पिंजऱ्यापाशी दाणा ठेवला जाई. ज्याला रानात मिळेना तो परत येई, ज्याला मिळू लागे तो येईनासा होई. मुतुमच्या पाठोपाठ त्याच कुळातील जाकुतिंगा आणि तित्तिरासारखा दिसणारा माकुको असे आणखी काही पक्षीही येथे सोडले गेले. जाकुतिंगाचे महत्त्व वेगळे. तो जुसारा नावाच्या ताडवर्गी झाडाची फळे गिळतो आणि बिया दूर नेऊन टाकतो. हे झाड कोवळ्या गाभ्यासाठी इतके तोडले गेले की, ते पुष्कळ ठिकाणी दुर्मिळ झाले. झाड नाही म्हणून पक्षी नाही आणि पक्षी नाही म्हणून झाड नाही, अशी ती गाठ होती. कालांतराने माकेदोनियात रानातच जन्मलेली मुतुमची पिले दिसू लागली. एखादी जाती एखाद्या जागी परत आली असे म्हणावयाचे ते या क्षणापासून. त्याआधी आपण फक्त पिंजरा मोठा केलेला असतो.

कंपनीचे यात श्रेय किती? जमीन तिची, पहारा तिचा, खर्च तिचा, आणि मुख्य म्हणजे सातत्य तिचे. सरकारी योजना पाच वर्षांत गुंडाळल्या जातात. निलगिरीच्या एका पिकालाच सात वर्षे लागतात, त्यामुळे वनकंपनीला दूरवर पाहण्याची सवय असते. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. कंपनीच्या अरण्यापैकी मोठा भाग कायद्यानेच राखावा लागतो. माकेदोनियाचे ५६० हेक्टर म्हणजे कंपनीच्या एकूण जमिनीतील हजार हेक्टरमागे दोन-सव्वादोन. पक्षी आले ते एका व्यक्तीच्या ध्यासातून, रान उरले ते उतार फार उभे म्हणून. आणि १९६७ साली धंद्यासाठी शिकार करण्यास बंदी झाली नसती, तर पहारेकऱ्यालाही कोणाला हटकण्याचा अधिकार नसता. कंपनीला टाळ्या मिळाव्यात, पण एकटीला नव्हे.

आणि मग २०१५ साल उजाडले. त्या वर्षीच्या जूनमध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. त्याच्या ३९ व्या परिच्छेदात मूळ अरण्याच्या जागी एकाच प्रकारच्या झाडांची लागवड केल्याने जीवसृष्टीची जी हानी होते, तिचा पुरेसा विचार होत नाही, असा इशारा आहे. ५ नोव्हेंबर रोजी मारियानाजवळ, म्हणजे दों एल्व्हेसिओ यांच्या धर्मपीठाच्याच परिसरात, सामार्को या खाण कंपनीचे फुंदांव धरण फुटले. लोहखनिज धुतल्यावर उरलेला गाळ त्यात साठविलेला होता. १९ माणसे मेली, बेंतो रॉद्रिगेस हे गाव गाडले गेले, आणि तांबडा चिखल सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर नदीतून वाहत लिन्यारेसजवळ समुद्राला मिळाला. बोतोकुदोंचे वंशज क्रेनाक याच नदीच्या काठी राहतात. तिला ते वातू म्हणतात आणि आपली पूर्वज मानतात. त्यांचे पिण्याचे पाणी गेले, मासे गेले. सामार्कोची निम्मी मालकी ‘वाले’ची. लिन्यारेसचे रान राखून मुतुमला वाचविणारी ती हीच कंपनी. १९९७ साली तिचे खासगीकरण झाले होते, एवढाच मधला फरक. नदीच्या मुखाशी तिचे अभयारण्य, उगमाशी तिचे धरण. एकाच मालकाच्या या दोन खात्यांची वजाबाकी कशी करावी, हे मला अजून उमगलेले नाही, आणि ती करूच नये असेही कधीकधी वाटते. लिन्यारेसचा मुतुम बेंतो रॉद्रिगेसच्या मृतांच्या नावे जमा धरता येत नाही.

कोन्ताजेमच्या पिंजऱ्यांतील मुतुम पुढे आणखी दूर गेले. रिओ दे जानेरो प्रांतातून ही जाती पूर्ण नाहीशी झाली होती. २००६ पासून तेथील ग्वापियासू या खासगी राखीव रानात क्राक्सचे पक्षी पाठीवर रेडिओयंत्र बांधून सोडले गेले. त्यामुळे कोण कोठे जातो आणि कोण कशाने मरतो, हे कळू लागले. गावातील मोकाट कुत्री हा मोठा शत्रू निघाला. म्हणजे रान राखणाऱ्याला गावाशीही बोलावे लागते.

मुतुमची दुसरी एक जाती, अलागोआसचा मुतुम, तिची कथा याहून बिकट आहे. १९७५ नंतर मोटारींसाठी उसापासून मद्यार्क काढण्याची सरकारी मोहीम निघाली, आणि ईशान्येकडील अलागोआस प्रांतातील सखल अरण्य उसाखाली गेले. पेद्रो नार्देली या पक्षिपालकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथून थोडे पक्षी आणले. त्यांपैकी तिघांपासूनच पुढची सारी संतती झाली. मध्यंतरी दुसऱ्या जातीशी संकरही झाला, आणि शुद्ध पक्षी कोणते हे रक्ताच्या तपासणीवरून निवडावे लागले. त्यांतील पुष्कळ कोन्ताजेमला वाढले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या तीन जोड्या अलागोआसच्या रानात सोडल्या गेल्या. ते रान उतिंगा नावाच्या साखर कारखान्याच्या मालकीचे आहे.